तिघींचा एक सूर

भावंडांचे आवाज जुळतात ते रक्तामुळें, असा एक समज सर्वत्र आढळतो. एकाच घरांत वाढलेल्या मुलांची बोलण्याची ढब एक, उच्चार एक, श्वास घेण्याची रीतहि बहुधा एक. तेव्हां तीं एकत्र गाऊं लागलीं म्हणजे त्यांचा सूर आपोआप एक व्हावा यांत नवल तें काय, असें आपण म्हणतों. आम्हीहि बरेच दिवस ह्याच समजुतींत होतों. परंतु अमेरिकेंतील अँड्र्यूज भगिनींच्या गायनाचा आणि आयुष्याचा इतिहास बारकाईनें पाहिल्यावर ही समजूत अर्धीच खरी आहे असें आम्हांस वाटूं लागलें. रक्तानें मिळतें तें केवळ भांडवल. त्यावर जो एकसूर उभा राहतो तो श्रमानें कमवावा लागतो, आणि त्याची किंमत कोणाला ना कोणाला तरी मोजावी लागते. ती किंमत कोणीं मोजली, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों.

प्रथम ह्या गायनाच्या जातीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा कान रागसंगीतावर घडलेला असणार. आपल्याकडे मुख्य गायक एकच असतो. दुसरा कोणी साथीला बसला तर तो तीच चाल उचलतो, अथवा मुख्य गायक विसांवा घेत असतां मधली जागा भरून काढतो. एकाच क्षणीं एकीनें षड्ज, दुसरीनें गांधार आणि तिसरीनें पंचम धरावा, आणि अशीं अंतरें सांभाळीत तिघींनीं सबंध गीत शेवटास न्यावें, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली नाहीं. आमच्या एका आत्याबाईंनीं तरुणपणीं कित्येक वर्षें ख्यालगायकीचें शिक्षण घेतलें होतें. त्यांना आम्हीं ह्या भगिनींची एक ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकविली तेव्हां त्यांनीं विचारलें, “अरे, पण यांतली खरी चाल कोणाच्या तोंडीं आहे?” प्रश्न मार्मिक होता. चाल असते ती मधल्या आवाजांत, म्हणजे धाकट्या पॅटीच्या तोंडीं. तिच्या वर मॅक्सीनचा उंच स्वर, खालीं थोरल्या लाव्हर्नचा जाड, खर्जाकडे झुकणारा आवाज. पॅटीची चाल निराळी काढून ऐकली तर ती पुष्कळदां साधीच वाटते. तिला रंग येतो तो वरच्या आणि खालच्या स्वरांमुळें. आणि गंमत अशी कीं, त्या दोन स्वरांकडे ऐकणाराचें लक्ष सहसा जात नाहीं.

ह्या तिघी मिनेसोटा संस्थानांतील मिनिआपोलिस शहरच्या. लाव्हर्नचा जन्म १९११ चा, मॅक्सीनचा १९१६ चा, आणि पॅटीचा १९१८ चा. वडील ग्रीस देशांतून आलेले. अँड्रियस हें त्यांचें मूळचें आडनांव अमेरिकेंत अँड्र्यूज झालें. आई नॉर्वेजियन वंशाची. वडिलांचा धंदा उपाहारगृहाचा. घरची स्थिति बेताची. तिघींपैकीं स्वरलिपि वाचतां येई ती एकट्या लाव्हर्नला. ती पियानो वाजवी, आणि दोघी धाकट्या बहिणी कानानेंच सर्व कांहीं उचलीत. म्हणजे घरांतली पहिली शिक्षिका थोरली बहीण, आणि पुढें जिचें नांव सर्वांत मोठें झालें ती धाकटी तिची शिष्या, असा हा प्रकार होता.

परंतु लाव्हर्नपाशीं तरी हें गाणें आलें कोठून? येथें पहिल्या ऋणाची नोंद केली पाहिजे. न्यू ऑर्लिन्स शहरांत वाढलेल्या मार्था, कॉनी आणि व्हेट ह्या तिघी बॉस्वेल भगिनी १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रेडिओमुळें व ध्वनिमुद्रिकांमुळें अमेरिकेंत घरोघरीं पोंचल्या होत्या. पियानो, चेलो आणि व्हायोलिन यांचें रीतसर शिक्षण झालेल्या ह्या तिघींनीं आपल्या शहरांतील निग्रो वादकांचें जॅझ संगीतहि मनःपूर्वक ऐकलें होतें. चालू गीताची लय मध्येंच बदलावी, ठाय करावी, दुप्पट करावी, शब्द मोडून पुन्हां जोडावे, अशी त्यांची करामत. कॉनीला लहानपणापासून पायांनीं अधूपण आलेलें, म्हणून ती बसूनच गात असे. मिनिआपोलिसच्या तिघी मुली रेडिओजवळ बसून ह्या बॉस्वेल भगिनींची अक्षरशः नक्कल करीत. इतकी कीं, उत्तरेकडच्या ह्या मुलींच्या गाण्यांत दक्षिणेकडचे उच्चारहि शिरले. पुढें मॅक्सीन आणि पॅटी यांनीं हें ऋण मोकळेपणानें मान्य केलें. बॉस्वेल भगिनींचें त्रिकूट मात्र १९३६ सालीं, बहिणींचीं लग्नें झाल्यावर, मोडलें. कॉनी एकटी गात राहिली. दोघी संसारांत रमल्या. ज्यांनीं वाट पाडली त्यांचीं नांवें मागें पडलीं, आणि त्याच वाटेनें पुढच्याच वर्षीं अँड्र्यूज भगिनी कीर्तीच्या शिखराकडे निघाल्या.

तत्पूर्वींचीं पांच-सहा वर्षें फिरस्तीचीं होतीं. वडिलांचा धंदा बुडाला होता, आणि लॅरी रिच नांवाच्या एका वाद्यवृंदप्रमुखाच्या मंडळीबरोबर ह्या मुली १९३१-३२ च्या सुमारास गांवोगांव हिंडूं लागल्या होत्या. धाकटी पॅटी त्या वेळीं चौदाएक वर्षांची होती. पुढें आईबापहि बरोबर असत. मोटारीच्या मागच्या आसनावर बसून तिघींची तालीम चाले. त्या काळच्या गायनांत सर्वांनीं एका मायक्रोफोनभोंवतीं दाटीनें उभें राहावयाचें असे. कोणाचा आवाज किती पुढें यावा हें त्या लोखंडी दांड्यापासून अर्धें पाऊल मागें-पुढें होऊन साधावें लागे. एकीनें श्वास कोठें घ्यावा हें दुसरीला ठाऊक असलेंच पाहिजे, एकीचें व्यंजन दुसरीच्या आधीं उमटतां कामा नये, एकीनें स्वर लांबविला तर तिघींनींहि लांबविलाच पाहिजे. हें सर्व रक्तांतून येत नाहीं; शेंकडो वेळां तेंच तें घोटल्यानें येतें. तरीहि यश दूर होतें, आणि मुलींनीं आतां हा नाद सोडून घरीं परतावें असा वडिलांचा आग्रह चालला होता.

१९३७ सालीं लिऑन बेलॅस्को यांच्या वाद्यवृंदांत त्यांना जागा मिळाली. तेथेंच व्हिक शोएन नांवाच्या तरुण ट्रंपेटवादकाशीं त्यांची गांठ पडली. हेच पुढें कित्येक वर्षें त्यांच्या गीतांची आणि साथीची मांडणी करीत राहिले. ह्या बहिणींच्या गायनांत पितळी वाद्यांचा जो झणत्कार ऐकूं येतो त्याचें मूळ येथें आहे. बॉस्वेल भगिनींची नक्कल करतां करतां आतां त्या दुसऱ्याच गोष्टीची नक्कल करूं लागल्या. तीन गळ्यांनीं तीन ट्रंपेटांसारखें गावें, एका झटक्यांत स्वर फेंकावा आणि तितक्याच झटक्यांत तो तोडावा. बॉस्वेल भगिनींची सूक्ष्म कलाकुसर यांत कमी झाली, हें कबूल केलें पाहिजे. परंतु नाचण्याला योग्य असा जोम मात्र तिच्या जागीं आला.

त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या २४ तारखेला डेक्का कंपनीनें त्यांच्याकडून एक गीत ध्वनिमुद्रित करून घेतलें. त्याचें नांव ‘बाय मीर बिस्ट दू शेन’. ह्या गीताची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेंत आलेल्या ज्यू लोकांची यिडिश नांवाची जी भाषा, तिच्या रंगभूमीसाठीं १९३२ सालीं संगीतकार शोलोम सेकुंडा आणि कवि जेकब जेकब्स यांनीं हें गीत रचलें होतें. पुढें त्यांनीं त्याचे हक्क एका प्रकाशकाला अवघ्या ३० डॉलरांना विकून टाकले. ते तीस डॉलरहि दोघांनीं वांटून घेतले. गीतकार सॅमी कान यांनीं सांगितलेली हकीकत अशी कीं, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील अपोलो थिएटरांत दोन निग्रो गायकांनीं हें गीत मूळ यिडिश भाषेंतच म्हटलें, आणि शब्द न समजतांहि प्रेक्षागृह डोलूं लागलें. तें पाहून कान आणि त्यांचे सहकारी सॉल चॅप्लिन यांनीं त्याला इंग्रजी साज चढविला. अँड्र्यूज भगिनींची तबकडी बाजारांत येतांच १९३८ च्या आरंभीं हें गीत सबंध देशांत सर्वांच्या तोंडीं झालें. ज्यूद्वेषानें पेटलेल्या जर्मनींतहि, त्याचा कर्ता ज्यू आहे हें कळेपर्यंत, तें आवडीनें ऐकलें जाई असें सांगतात. मूळ कर्त्याला मात्र ह्या सर्व वैभवांतून कांहींच मिळालें नाहीं. २८ वर्षांची मुदत संपून १९६१ मध्यें हक्क परत आले तेव्हां कोठें सेकुंडा आणि जेकब्स यांना आपल्या गीताचा योग्य मोबदला मिळूं लागला. यांत बहिणींचा कांहीं अपराध होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं पुढें आलेलें गीत उत्तम रीतीनें गाइलें. पण हिशेब मांडावयाचा तर हे तीस डॉलरहि त्यांत लिहिले पाहिजेत.

मग महायुद्ध आलें, आणि ह्या तिघींचा आवाज हा जणूं अमेरिकन सैन्याचाच एक भाग झाला. १९४१ च्या जानेवारींत ‘बक प्रायव्हेट्स’ हा विनोदी चित्रपट प्रसिद्ध झाला. सैन्यांत भरती झालेल्या शिकागोच्या एका बिगुलवाल्याची गंमत सांगणारें ‘बूगी वूगी ब्यूगल बॉय’ हें गीत त्यांत तिघींनीं लष्करी पोषाखांत म्हटलें. अमेरिका त्या वेळीं युद्धांत उतरली नव्हती. वर्षाअखेर ती उतरली, तेव्हां हें गीत तिच्यासाठीं आधींच तयार होतें. पुढें बिंग क्रॉस्बी यांच्याबरोबर त्यांनीं म्हटलेल्या गीतांनीं, विशेषतः १९४४ च्या ‘डोन्ट फेन्स मी इन’ नें, विक्रीचे मोठे आंकडे गांठले.

ह्या काळांतील एक गोष्ट आपल्या देशाशीं संबंध असलेली आहे, म्हणून ती येथें नमूद करतों. त्या वेळच्या तबकड्यांत लाख हा महत्त्वाचा घटक असे, आणि ही लाख बहुतांशीं हिंदुस्थानांतून जाई. छोटा नागपूरकडच्या जंगलांत पळस-कुसुंबाच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ निर्माण करीत ती आदिवासी खरवडून काढीत, आणि अनेक हातांतून फिरत ती परदेशच्या कारखान्यांत पोंचे. तेथें तिच्यावर तीन-तीन मिनिटांचें गाणें उमटे. जपानशीं युद्ध सुरू झाल्यावर हा पुरवठा धोक्यांत आला, आणि युद्धकार्यालाहि लाख हवी होती. म्हणून १९४२ मध्यें अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं लागणारी लाख शेंकडा ७० नें कमी केली. त्याच वर्षीं ऑगस्टपासून तेथील वादकसंघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. डेक्का कंपनीनें १९४३ च्या सप्टेंबरांत संघाशीं तडजोड केली, आणि त्याच महिन्यांत अँड्र्यूज भगिनी व क्रॉस्बी पुन्हां ध्वनिमुद्रण करूं लागले. सैनिकांसाठीं खास निघणाऱ्या ‘व्ही’ तबकड्या लाखेच्या नव्हत्या, तर न फुटणाऱ्या नव्या कृत्रिम द्रव्याच्या असत. त्यांवरहि ह्या बहिणींचा आवाज दूरच्या छावण्यांत जाई.

ह्याच काळांतलें त्यांचें अत्यंत गाजलेलें गीत म्हणजे ‘रम अँड कोका-कोला’. १९४४ च्या ऑक्टोबरांत तें मुद्रित झालें, आणि पुढच्या वर्षीं सतत दहा आठवडे लोकप्रियतेच्या यादींत अग्रस्थानीं राहिलें. त्यावर त्रिनिदादला जाऊन आलेला अमेरिकन विनोदी नट मोरी अॅमस्टरडॅम आणि त्याचे दोन सहकारी यांचें नांव होतें. वास्तविक शब्द त्रिनिदादचे शाहीर लॉर्ड इन्व्हेडर यांचे, आणि चाल लायनेल बेलॅस्को यांची. ही दुसरी बेलॅस्को व्यक्ति, वर आलेल्या लिऑन यांच्याशीं त्यांचा संबंध नाहीं. त्रिनिदादच्या लोकांत शाहिरीची जी ‘कॅलिप्सो’ नांवाची परंपरा आहे तिचें काम आपल्या पोवाड्या-लावणीसारखेंच. गांवांत घडलें तें हंसत हंसत चारचौघांत सांगावयाचें, आणि हंसण्याआड बोचावयाचें. अमेरिकेनें त्या बेटावर आरमारी तळ उभारला, सैनिक आले, त्यांच्या डॉलरांबरोबर गरीब घरच्या बायकामुलींची विटंबनाहि आली. हें दुःख त्या गीतांत आहे. तबकडींत मात्र तें सुट्टीच्या मौजेचें गाणें होऊन बसलें. अमेरिकन रेडिओनें त्यावर बंदी घातली ती मद्याची आणि एका पेयाची जाहिरात होते म्हणून. त्यांतल्या बायकांची आठवण कोणालाहि झाली नाहीं. गीत हातीं आलें आणि लगोलग म्हटलें, अर्थाकडे आमचें लक्षच नव्हतें, असें बहिणींनीं मागाहून सांगितलें, आणि तें खरें असावें. पुढें न्यायालयांत शब्दांबद्दल आणि चालीबद्दल असे दोन निराळे खटले झाले, व दोन्ही त्रिनिदादच्या पक्षानें जिंकले. नुकसानभरपाई मिळाली, गीताचा स्वामित्वहक्क मात्र अॅमस्टरडॅमकडेच राहिला.

इतकें सर्व लिहिल्यावर त्यांच्या गौरवाचा प्रसंग न सांगणें अन्यायाचें होईल. १९४५ च्या उन्हाळ्यांत तिघी सैनिकांच्या करमणुकीसाठीं इटलींत गेल्या होत्या. ऑगस्टांत नेपल्स येथें हजारों शिपायांपुढें त्यांचा कार्यक्रम चालला होता. हे शिपाई युरोपांतलें युद्ध संपवून आतां पॅसिफिककडे निघावयाचे होते, आणि पुन्हां मरणाच्या तोंडीं जावयाचें म्हणून खिन्न बसले होते. कार्यक्रमाच्या मध्येंच पॅटीच्या हातांत एक चिठ्ठी आली. तिनें ती वाचून दाखविली: जपाननें शरणागति पत्करली, युद्ध संपलें. प्रथम कोणीच हूं कीं चूं केलें नाहीं. लोकांना ती थट्टा वाटली. तिनें पुन्हां सांगितलें, तेव्हां ती डोळ्यांत पाणी आणून बोलत होती. मग जो गजर उठला तो त्या तिघींच्या कानांतून जन्मभर गेला नाहीं.

युद्ध संपलें आणि घरांतलें भांडण उघडें पडूं लागलें. १९४८ मध्यें आई गेली, १९४९ मध्यें वडील. मॅक्सीनचे पति लू लेव्ही हेच तिघींचे व्यवस्थापक होते. तो विवाहहि त्याच सुमारास मोडला. १९५१ अखेर पॅटीनें त्रिकुटाचे पियानोवादक वॉल्टर वेश्लर यांच्याशीं विवाह केला, आणि हळूहळू तिचा कारभार निराळा होऊं लागला. १९५३-५४ च्या सुमारास तिनें एकटीनें गावयाचें ठरविलें. ही बातमी बहिणींना तिच्या तोंडून कळली नाहीं, वर्तमानपत्रांतून कळली. मातापितरांच्या मिळकतीवरून प्रकरण न्यायालयांत गेलें. १९५६ मध्यें तिघी पुन्हां एकत्र आल्या, तबकड्या निघाल्या, परदेशदौरे झाले. पण आतां तरुणांचा कान दुसऱ्याच संगीताकडे वळला होता. ८ मे १९६७ रोजीं लाव्हर्न कर्करोगानें वारली.

उरलेल्या दोघींना १९७३ मध्यें अकस्मात् नवा काळ दिसला. बेट मिडलर ह्या तरुण गायिकेनें बिगुलवाल्याचें तेंच जुनें गीत पुन्हां म्हटलें, आणि तें गाजलें. १९७४ च्या मार्चमध्यें ‘ओव्हर हिअर!’ ह्या युद्धकाळावरील संगीत नाटकांत पॅटी आणि मॅक्सीन ब्रॉडवेवर उभ्या राहिल्या. दहा महिने नाटक जोरांत चाललें. परंतु पैशाच्या वादानें पुढचा दौरा रद्द झाला, आणि दोघी बहिणींत जो अबोला आला तो शेवटपर्यंत पुरता मिटला नाहीं. १९८७ मध्यें हॉलिवुडच्या पदपथावर त्रिकुटाच्या नांवाची चांदणी बसविली त्या दिवशीं त्या एकत्र दिसल्या, एवढेंच. मॅक्सीन १९९५ मध्यें गेली. पॅटी २०१३ मध्यें, चौऱ्याण्णवाव्या वर्षीं.

आतां आरंभींचा प्रश्न. एकसूर रक्ताचा असता तर तो असा तुटला नसता, कारण रक्त कांहीं बदललें नव्हतें. उलट, तो निव्वळ खोटा होता, बाहेर गोडी आणि आंत वैर, असेंहि म्हणतां येत नाहीं. ज्या दिवसांत घरांत धुसफूस चालली होती त्या दिवसांतल्या तबकड्याहि स्वरांत तसूभर ढळत नाहींत. आम्हांस वाटतें तें असें: सुरांत एक होणें हें एक काम आहे, आणि तें तेवढ्या वेळेपुरतें प्रामाणिकपणें करतां येतें. तीन मिनिटें प्रत्येकीनें आपला स्वर दुसरीच्या मापानें कमी करावा, हें ज्यांनीं वीस वर्षें केलें त्यांना आयुष्याच्या उरलेल्या वेळांत तें साधलें नाहीं, म्हणून त्या तीन मिनिटांचें मोल घटत नाहीं. मात्र मोल मानावयाचें तर सर्व देणेकरी-घेणेकरी डोळ्यांपुढें असावेत. त्यांत न्यू ऑर्लिन्सच्या तिघी आहेत, तीस डॉलर वांटून घेणारे दोघे आहेत, त्रिनिदादचा शाहीर आणि त्याच्या गाण्यांतल्या निनांवी बायका आहेत, लाख खरवडणारे आपल्याकडचे हात आहेत, आणि घरांतल्या घरांत लाव्हर्न आहे. गाणें तिनें शिकविलें. लोकांनीं पाहिलें तें धाकटीकडे.

आत्याबाई अलीकडे कधींमधीं ती तबकडी पुन्हां लावावयास सांगतात. खरी चाल कोणती हें त्या आतां विचारीत नाहींत. परवां गाणें चालू असतां त्यांनीं हात वर करून आम्हांस गप्प केलें आणि म्हणाल्या, “थांब. ती खालची ऐकूं दे.”